बेरीज जमते, तिसऱ्या आठवड्यात हात रिकामा: ओढगस्तीच्या घरखर्चाचा खेळ कसा रचायचा

घरखर्चावरचे बरेचसे खेळ शेवटी एकच धडा देतात: गरज ओळखा, चैन टाळा, उरेल ते शिल्लक टाका. असा खेळ खेळून उठणाऱ्याला वाटतं, की ओढगस्तीचं घर ओढगस्तीत आहे ते तिथल्या माणसांना हिशेब कळत नाही म्हणून. पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या किंवा येरवड्याच्या वस्तीत कुणाकडेही बसून महिन्याचा जमाखर्च मांडून बघा. तिथल्या बाईला पै-पैचा हिशेब तोंडपाठ असतो. पगार पाच तारखेला येतो, सिलिंडर अठराला संपतो, मजुरी पाऊस ठरवतो आणि शाळा वह्या-पुस्तकं मागते ती नेमकी जूनमध्ये. पैसे कमी असतात हे खरंच, पण घर मोडतं ते पैसे चुकीच्या आठवड्यात येतात म्हणून.

हे खेळात उतरवायचं, तर खेळ तारखांवर उभा राहिला पाहिजे. खाली सांगतो तो खेळ कागद, फासा आणि चिंचोके एवढ्यावर होतो. तीन ते पाच माणसं, प्रत्येकाला एकाच घरातली एकेक भूमिका, तासाभराचा डाव. शाळेतल्या नववी-दहावीच्या वर्गात, महाविद्यालयात किंवा सोसायटीच्या सभागृहात चालेल असा.

आधी घर ठरवा, नियम नंतर

नियमांपासून सुरुवात केली की घर नियमांना सोयीचं होतं. म्हणून आधी माणसं ठरवा. आपलं घर दांडेकर पुलाजवळ, आंबिल ओढ्याच्या काठच्या एका भाड्याच्या खोलीत आहे. आई तीन घरची धुणीभांडी करते. बाबा रंगारी, रोजंदारीवर. ताई दहावीत, धाकटा पाचवीत. आजीला बीपीच्या गोळ्या रोज लागतात.

रंगाऱ्याचा धंदा मुद्दाम निवडला आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींचं काम बंद पडतं आणि दिवाळी जवळ आली की सगळ्या पुण्याला एकदम रंग लावायचा असतो. उत्पन्नाचा चढउतार त्यामुळे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तुम्ही रिक्षाचालक, कचरावेचक किंवा मंडईतली भाजीवाली घेऊ शकता. फक्त त्या धंद्याचा मंदीचा आणि तेजीचा काळ कोणता, हे त्या माणसाकडूनच विचारून घ्या.

पुण्याला अशी विचारपूस नवी नाही. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी त्याच दशकात शहरातल्या कुटुंबांची घरोघर पाहणी करून घेतली होती. तुम्हाला तेवढ्या मोठ्या पाहणीची गरज नाही. तीन-चार घरांतून एवढंच विचारा: कुठला पैसा कोणत्या तारखेला येतो आणि कुठला खर्च कोणत्या तारखेला उभा राहतो. रकमेआधी तारीख लिहून घ्या. खेळाचा जीव तिथे आहे.

आकडे: एक चिंचोका म्हणजे ५०० रुपये

लहान आकडा घेऊ नका. शंभराची नाणी केली की डावभर नुसती मोजामोज होते आणि बोलणं मागे पडतं. ५०० चा चिंचोका धरला की सगळा महिना तीस-बत्तीस चिंचोक्यांत बसतो.

डाव जून ते सप्टेंबर चार महिन्यांचा, महिन्याचे चार आठवडे, म्हणजे सोळा फेऱ्या. एका फेरीला तीन-चार मिनिटं धरा.

जमेची बाजू अशी. आईचे १२ चिंचोके दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. बाबांची मजुरी दर आठवड्याला फाशावर: उघडिपीच्या आठवड्यात फासा १-२ पडला तर ४ चिंचोके, ३-४ ला ६, ५-६ ला ८. दिवसाची मजुरी ८०० धरली, तर ८ चिंचोके म्हणजे पाच दिवस काम. पावसाळी आठवड्यात याच फाशावर ०, ३ आणि ६. जूनचे पहिले दोन आठवडे आणि सगळा सप्टेंबर उघडीप, मधला सगळा काळ पावसाळी.

तिसरी जमा सरकारी. २०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयाच्या आणि वर्षाला अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांसाठी महिन्याला १,५०० रुपये ठरले, म्हणजे ३ चिंचोके. याची तारीख फाशाने ठरवा. महिन्याच्या सुरुवातीला फासा टाका: १ ते ४ पडलं तर तेवढ्याव्या आठवड्यात पैसे, ५ किंवा ६ पडलं तर या महिन्यात नाहीत, पुढच्या महिन्याच्या हप्त्याबरोबर एकदम ६. सप्टेंबरला पुढचा महिना नाही, म्हणून तिथे ५-६ पडलं तर चौथा आठवडा धरा. घरात पैसा येणार हे ठाऊक असणं आणि कधी ते ठाऊक नसणं, हा ताण एका फाशात येतो.

खर्चाची बाजू, महिन्याची: खोलीभाडं १०, पहिल्या आठवड्यात. फोनचं रिचार्ज १, तेही पहिल्यातच. किराणा, भाजी, दूध मिळून दर आठवड्याला ३. गॅस २, दुसऱ्या आठवड्यात. बस आणि शेअर रिक्षा १, दुसऱ्या आणि चौथ्यात. लाइटबिल १ आणि आजीच्या गोळ्या १, तिसऱ्यात. एकूण २९. किराणा एवढ्यात भागतो तो रेशनमुळे: अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. त्याशिवाय जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेचे ६. हातात सुरुवातीला ४ चिंचोके.

हे आकडे खेळापुरते आहेत. तुमच्या भागातलं भाडं आणि मजुरी वेगळी असेल तर बदला, पण प्रमाण सांभाळा. सरासरी फाशाने चार महिन्यांची जमा १२६ होते, हातातले ४ धरून १३०. खर्च ११६ आणि शाळेचे ६, म्हणजे १२२. उरलेले ८ अडीअडचणीचे पत्ते खातात. म्हणजे चार महिन्यांची बेरीज अगदी चोख जमते. हे ठरवून करायचं. बेरीज जमते आहे, तरी घर कर्जात जातं, हे खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडलं पाहिजे. खर्च मुळातच जमेपेक्षा मोठा ठेवला, तर तो ‘पैसेच नव्हते’ म्हणून मोकळा होतो.

जुलै कागदावर चालवून बघा

पत्ते करायच्या आधी एक महिना पेन्सिलीने चालवा. एकही अडचण न येता जूनमधून २ चिंचोके उरले आणि जुलैत प्रत्येक आठवड्याला मधलाच फासा पडला असं धरा.

पहिला आठवडा: २ अधिक १२ अधिक ३, झाले १७. भाडं, किराणा, रिचार्ज मिळून १४ गेले, उरले ३. दुसरा: ३ आले, ६ गेले, हातात शून्य. तिसरा: ३ आले, ५ हवेत. दोन कमी. चौथ्या आठवड्यात मजुरीचे ३ आणि लाडक्या बहिणीचे ३ आले की ते दोन भरून निघतात आणि महिना शून्यावर बंद होतो.

तर जुलैत काहीही वाईट घडलेलं नाही, कुणी आजारी पडलं नाही, कुणी उधळपट्टी केली नाही, आणि तरी तिसऱ्या आठवड्यात १,००० रुपये कुठून तरी आणावे लागले. तेही आठच दिवसांसाठी. हा तिसरा आठवडा तुमच्या आराखड्यात दिसत नसेल, तर पुढे जाऊ नका. आकडे हलवून तो आणा. एकदा तो आला, की खेळ आपोआप एका प्रश्नावर येतो: कुणाकडे मागायचं?

उसनवारीचे रस्ते

खेळाचा सगळ्यात श्रीमंत भाग हा. यावर वेळ घालवा, कारण प्रत्येक रस्त्याची किंमत वेगळ्या जातीची असते आणि ती नुसत्या व्याजात मोजता येत नाही. त्यासाठी आईच्या नावाने आठ घरांची एक पट्टी आखा. तिला ‘दम’ म्हणा. काही निर्णयांत पैसे वाचतात पण दम जातो. आठवडाभर सगळ्यांनी पोटभर खाल्लं आणि आईवर जादा काम पडलं नाही, तर दम एकाने भरतो. दम संपला की आई आजारी, खाडे पडतात आणि पुढच्या पगारातून ३ चिंचोके कापले जातात.

वाण्याची वही. ६ चिंचोक्यांपर्यंत उधारी, व्याज नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फेडायची. नाही फेडली तर वही बंद. वहीवर बाकी असेपर्यंत माल त्याच दुकानातून घ्यायचा. याला जोडून एक नियम घाला: पहिल्या आठवड्यात १० चिंचोके एकदम देता आले, तर महिन्याचा किराणा ठोक भरता येतो आणि २ वाचतात. जुलैत हे शक्यच नसतं. जूनमध्ये असतं; पण जूनमध्ये माल भरून १,००० रुपये वाचवले, की तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या खर्चाला एक चिंचोका कमी पडतो आणि तो उसना घ्यावा लागतो. स्वस्तात घेण्यासाठी आधी हातात पैसा लागतो, हे या एका नियमातून जितकं कळतं तितकं दहा वाक्यांतून कळत नाही.

मालकिणीकडून उचल. ४ चिंचोके, पुढच्या दोन पगारांतून दोन-दोन कापले जातील. व्याज शून्य, पण दम एकाने कमी: उचल दिलेल्या घरी ‘आज जरा माळा साफ करून दे’ला नाही म्हणता येत नाही.

भिशी. चार घरांची. दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात २ भरायचे, चिठ्ठी निघेल त्या महिन्यात ८ मिळायचे. एकूण हिशेब शून्य. तरी जुलै-ऑगस्टमध्ये लागलेली भिशी घर वाचवते आणि सप्टेंबरची नुसती समाधान देते. एक महिना चुकला तर नाव जातं आणि भरलेले पैसे सप्टेंबरच्या शेवटीच परत मिळतात.

गटाचं कर्ज. १० चिंचोके एकदम, मग अकरा आठवडे दर आठवड्याला ठरलेल्या वारी १ चिंचोका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं असं विनातारण कर्ज सूक्ष्मवित्तात, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या लहान कर्जांत, मोडतं आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. व्याज सावकारापेक्षा पुष्कळ कमी. पण हप्ता पाऊस बघत नाही. फासा शून्य पडला तरी एक चिंचोका द्यायचाच. चुकला तर गटातल्या बायकांना भरावा लागतो, दम दोनाने कमी.

आजीच्या पाटल्या. गहाण ठेवून १२ मिळतात, दर दोन महिन्यांनी १ व्याज. हिशेबाने हा स्वस्त मार्ग आहे. आजीची भूमिका करणारा मात्र नाही म्हणू शकतो आणि त्याच्या नकारावर मत मांडायचा हक्क सगळ्यांना आहे, नकार मोडायचा कुणालाच नाही.

सावकार. शेकडा दहा, महिन्याला. १० मागितले तर पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात ९ येतात. मग दर महिन्याला १, मुद्दल जसंच्या तसं; तुकड्यांनी फेडता येत नाही. वर्षाचा हिशेब केला तर हे १२० टक्के. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे या धंद्याला परवाना लागतो, तो नसलेलाच इथे कल्पा. त्याचा एकच गुण आहे आणि तो खेळात ठेवलाच पाहिजे: तो कागद मागत नाही आणि पैसे त्याच फेरीत मिळतात. गटाच्या कर्जाला मागणीनंतर दोन आठवडे थांबायला लावा. हा फरक काढून टाकला, तर सावकाराकडे जाणारी माणसं अडाणी दिसू लागतात.

पोटाला चिमटा हाही एक मार्ग आहे. आठवड्याचा किराणा ३ ऐवजी २ वर आणता येतो. दम एकाने कमी होतो. सलग दुसऱ्या आठवड्यात केलं तर दोनाने.

पत्ते: महिन्याला नऊ

पत्त्याचं माप ६३ गुणिले ८८ मिलिमीटर ठेवलं, तर ए-फोर कागदावर बरोबर नऊ बसतात. म्हणून एका महिन्याचा एक कागद. महिन्याचे नऊ पिसायचे, दर आठवड्याला एक उलटायचा, पाच न उघडता राहतात. नऊंची बेरीज उणे चार ते पाच ठेवा. मग महिन्याला सरासरी दोन चिंचोके अडचणीत जातात आणि वरचा ताळेबंद टिकतो.

जुलैचा नमुना: पत्रा गळतो, २ द्या. ताईच्या क्लासचा हप्ता, २. फोन पाण्यात पडला, २. बाबांना ताप, १. गावाकडून पाहुणे, १. शेजारच्या बिल्डिंगमधली बाई सुट्टीवर, बदली काम, २ मिळतात, दम एकाने कमी. मामाने तांदळाचं पोतं पाठवलं, १ वाचला. आणि दोन पत्ते ‘या आठवड्यात काही झालं नाही’. हे शेवटचे दोन काढू नका. दर फेरीला संकट आलं की खेळणारा संकटांना हसायला लागतो.

काही पत्त्यांवर निवड ठेवा, पण ‘शहाणा’ आणि ‘मूर्ख’ अशी नको. पत्र्याला आज २ द्या, नाहीतर पत्ता बाजूला ठेवा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ४ द्या. हात रिकामा असलेला माणूस ४ निवडतो आणि ते अगदी बरोबर असतं.

पुणं पत्त्यांत यायला हवं, नुसतं नावापुरतं नको. जूनच्या कागदात पालखीचा पत्ता: ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामाला आहेत, आजीला एका वारकऱ्याला जेवू घालायचंय, १ चिंचोका. सप्टेंबरात ओढ्याचा: २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने दांडेकर पूल, अरण्येश्वर, सहकारनगरचा परिसर उद्ध्वस्त केला होता, पत्त्यावर पूर तेवढा मोठा नको, खोलीत पाणी शिरून धान्य भिजलं एवढा पुरे, ३ चिंचोके. ऑगस्टात गणपतीच्या मांडवाचं रंगकाम, ४ मिळतात. आणि ऑगस्टातच सगळ्यात जड पत्ता: बाबा शिडीवरून पडले. ससूनला नेलं तर १ चिंचोका आणि दोन आठवडे फासा नाही. खासगीत नेलं तर ४ आणि एक आठवडा फासा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मोठ्या उपचारांचा खर्च भागू शकतो, बुडलेली मजुरी कुणी भरून देत नाही. म्हणून या पत्त्याचं वजन ठरवताना बुडालेले फासेही मोजा. हा एकच पत्ता उणे सातचा होतो, तेव्हा ऑगस्टचे बाकीचे आठ हलके ठेवावे लागतात.

पालखीचा चिंचोका, धाकट्याचा वाढदिवस, राखी यांना ‘चैन’ असं लेबल कुठेही लावू नका. हे मी आग्रहाने सांगतो. ज्या घरात या गोष्टी होत नाहीत त्या घराला माणसं उसनेही देत नाहीत. नियमातही ते आणा: पालखीचा किंवा राखीचा पत्ता पाळला, तर पुढे एकदा शेजारून २ चिंचोके आठवडाभरासाठी बिनव्याजी मिळतात.

भूमिका आणि शेवट

प्रत्येकाला एक माणूस आणि एक झाकलेली इच्छा द्या. ताईला सप्टेंबरपर्यंत क्लास सुरू ठेवायचाय. बाबांना रंगाचं मशीन घ्यायला ६ चिंचोके बाजूला हवेत. आजीला पाटल्या नातीसाठी राखायच्यात. आईच्या पत्त्यावर लिहा: दम चारच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पैसे सगळ्यांचे एकत्र, निर्णय बोलून, आणि एकमत झालं नाही तर आईचा शब्द शेवटचा. नुसतं मतदान ठेवलंत तर घर सहकारी संस्थेसारखं वागायला लागतं.

लहानपणी खेळलेल्या ‘व्यापार’मध्ये सगळ्यांना सारखे पैसे मिळतात आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त तो जिंकतो. त्या घराण्याचा मूळ खेळ अमेरिकेत लिझी मॅगी यांनी १९०४ साली पेटंट घेतलेला ‘द लँडलॉर्ड्स गेम’. जमीनमालकी पैसा कसा एकाच हातात गोळा करते हे दाखवायला त्यांनी तो रचला होता. पुढे हेतू गळाला, जिंकण्याचा नियम उरला. म्हणून जिंकण्याचा नियम हलक्या हाताने लिहू नका. इथे उरलेले चिंचोके मोजायचेच नाहीत. सोळाव्या फेरीनंतर चार प्रश्न वाचा: मुद्दल कुणाचं बाकी आहे? पाटल्या घरात आहेत का? ताईचा क्लास सुटला का? दम किती उरला? मग प्रत्येकाने इच्छेचा पत्ता उघडायचा. गुण देऊ नका.

साहित्य आणि चाचणी

पत्ते ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कागदावर छापून घ्या. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाई, कटिंग, कार्डशीट सगळं एका फेरीत होतं. पहिल्या काही डावांना छपाई करूच नका, हाताने लिहा, कारण आकडे बदलणारच. मोबाइलवरची आवृत्ती त्याहून नंतर.

चाचणीत एकाने खेळायचं नाही, फक्त लिहायचं: पहिल्यांदा हात रिकामा कोणत्या आठवड्यात झाला, कोणता मार्ग आधी धरला, कोणता कुणीच धरला नाही. हात जुलैच्या आत रिकामा होत असेल तर सुरुवातीचे ४ वाढवा. ऑगस्ट संपेपर्यंत होतच नसेल तर पावसाळी फाशातले ३ चे २ करा. एका वेळी एकच आकडा हलवा. सगळे डाव वाण्याच्या वहीवरच निभत असतील तर वहीची मर्यादा ६ वरून ४ करा.

मग खेळ घरकाम करणाऱ्या बायकांकडे, बचत गटाकडे न्या. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. त्यांचा एक तास म्हणजे एखाद्या घरचं काम असतं. त्यांना त्यांच्या कर्जाबद्दल सगळ्यांदेखत विचारू नका. एकच विचारा: ‘या घरात काय व्हायला हवं होतं, जे झालं नाही?’ उत्तरं लिहायला नऊ पत्त्यांचा एक कोरा कागद सोबत ठेवा. त्या सांगतील त्यातला पत्ता घ्या, तुमचा एक काढा, आणि त्या महिन्याच्या नऊंची बेरीज पुन्हा उणे चार-पाचवर आणून मगच पुढचा डाव मांडा.